सात टोकं

इड्वल बोलत नाही,
त्याच्या ओठांत खिळे असतात.
चार, कधी पाच, डोकी बाहेर.
शिकवायचं ते सगळं हुंकारांत.
"हं" म्हणजे ठोक.
"हंहं" म्हणजे थांब, मुकाट्यानं उपट, आवाज बदलला.
तो आवाज मला अजून नीट उमजत नाही.
खुराच्या कठीण भागात खिळा खणखणतो,
जिवंत भागाकडे वळला की
भिजल्या ओंडक्यावर मारल्यासारखा मुका होतो.

वेल्सच्या डोंगरातलं दगडी अंगण, मार्च महिना,
धुकं इतकं ओलं की कानशीवर थेंब धरतात.
म्युयार नावाची काळी घोडी,
तिचा पुढचा डावा पाय माझ्या दोन गुडघ्यांत.
माहेरी आलेल्या लेकीसारखी
ती सगळा भार माझ्यावर टाकून रेलते.

खिळ्याच्या अणीला एका अंगानं उतार असतो.
उतार आत ठेवायचा,
म्हणजे खिळा आपणहून बाहेरची वाट धरतो.
उलटा धरलास तर थेट घोडीच्या जिवात.

आणि बाहेर आला की
ते टोक खुराच्या भिंतीतून
माझ्या मांडीकडे बघत राहतं.
तिथून पुढे दुसरा खिळा नाही,
घाम पुसणं नाही,
मालकानं विचारलं तरी उत्तर नाही.
हातोडी उलटी, तिच्या फटीत टोक,
एक पिळा.
टक्.
मग श्वास.

इड्वलच्या मांडीवर वीतभर पांढरी रेघ आहे.
एकदाच सांगितलं त्यानं, चहाच्या वेळी,
तोंड रिकामं होतं म्हणून.
"एका टोकाची उधारी ठेवली.
पुढचा ठोकतो, मग दोन्ही एकदम मोडतो, म्हटलं.
कुंपणावरून कोंबडा उडाला.
घोड्यानं पाय ओढून घेतला.
त्याची काय चूक?
पाय त्याचाच होता."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात.
मला शहाणपण नाही आलं,
फक्त मांड्या आखडून धरायची सवय लागली.
घोडीला ते लगेच कळतं.
भ्यालेल्या मांडीत कुठलाच पाय टिकत नाही.

आज मात्र सातही खिळे नीट बसले,
चार बाहेरच्या अंगाला, तीन आतल्या.
उरलेले बुंधे वाकवून खुराला टेकवले,
कानस फिरवली, मग तळहात.
हाताला काही लागलं
तर उद्या ती स्वतःचाच दुसरा पाय फाडेल.
काही लागलं नाही.

इड्वलनं तंबाखूची जुनी डबी पुढे केली.
मी मोडलेली टोकं त्यात टाकली.
सहा.

पायरीवर घरचा धाकटा, माक्सेन, अनवाणी.
आत त्याची आई किटली ठेवून हाका मारते आहे.
इड्वल जागचा हलला नाही.
त्यानं पोराला उचलून भिंतीवर बसवलं,
दोरीला लोहचुंबक बांधला
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर,
दगडांच्या सांध्यासांध्यांतून,
शेणातून, गवताच्या काड्यांतून.
निघाली तारेची दोन तुकडी,
गंजलेली सुई, कुणाच्या तरी बुटाचं बक्कल.
घोडीचे चारही खूर उचलून पाहिले.
एप्रनची शिवण उसवून पाहिली.
चहा निवला.
अंधारून आलं तसा पोरगा भिंतीवरून
"तिथं, तिथं" म्हणत कुठंही बोट दाखवू लागला.

मग इड्वल माझ्याकडे बघत राहिला,
घोड्याकडे बघतो तसा, पायापासून वर.
"हं," म्हणाला,
आणि माझी पोटरी धरून पाय उचलला.

बुटाच्या तळव्यात, टाचेच्या अलीकडे,
रबरात पार रुतलेलं.
संध्याकाळभर मी त्याच्यावरच उभी होते.

पक्कडीनं त्यानं ते ओढून काढलं,
डबीत टाकलं,
बोटानं सारत पुन्हा मोजली. सात.
माक्सेनला खाली उतरवला.
मग चार खिळे ओठांत धरले,
म्हणजे बोलणं संपलं.
तीन पाय अजून बाकी होते.